बडबड = १

आधी कबूल करून टाकतो. ती सगळी नावं मीच लिहिली होती. मामाने नाही, मामीने नाही, बाहेरून कुणी येऊन खोडसाळपणा केला असंही नाही. एकशे बारा गिऱ्हाइकं, एकशे बारा नावं, आणि त्यातली निदान नव्वद तरी तोंडावर म्हणण्यासारखी नव्हती.

पण कारण होतं. ऐका तरी.

मामाची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे इस्त्रीची टेबलं, आणि छताखाली गोल फिरणारी लोखंडी रेल. ही रेल मामाने एका बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून आणली आणि वर्षभर तिच्यावर फक्त धूळ वाळत घातली. कल्पना अशी होती की मामीने काउंटरवर नंबर दाबायचा, रेल फिरणार, बरोबर तो हँगर गिऱ्हाइकाच्या डोक्यासमोर येऊन थांबणार, एक दांडा त्याला बाहेर ढकलणार आणि कपडा पुढ्यात. रेल होती, मोटर होती. डोकं नव्हतं. ते मी बसवणार होतो.

मी शिकलोय कुठे? कुठेच नाही. फोनवर बघून बघून. एक ओळ लिहायची, चालवायची, पडली की पुन्हा. माझ्या प्रोग्रॅममध्ये असे भाग आहेत की ते का चालतात हे मलाही माहीत नाही. मी तिकडे जात नाही. त्यांना हात लावत नाही.

तर रेलचं असं होतं. चुकलं की नेमकं कुठे चुकलं ते कळायला पाहिजे. स्क्रीन काउंटरवर, आणि मी मागे शिडीवर, एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात रेल. स्क्रीन दिसणार कशी? म्हणून मी तिला बोलायला लावलं. एक स्पीकर टांगला. प्रत्येक पायरीला एक ओळ घातली, की बडबड चालू असेल तर आत्ता काय करतेयस ते मोठ्याने सांग. आणि सगळ्यात वर, पहिल्याच ओळीत, एक बटण म्हणा ना, लिहून ठेवलं:

बडबड = १

एक म्हणजे बोल. शून्य म्हणजे गप्प बस. एका आकड्यावर सगळं चालू-बंद. हे जमलं त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की दोन वेळा जेवलो.

पण मशीनमधली ताई नुसते नंबर बोलायची. "सत्तेचाळीस." शिडीवरून मला काय कळणार सत्तेचाळीस बरोबर की चौऱ्याहत्तर? कपड्यावर काय लिहिलेलं असतं? म्हणून मी नंबरापुढे ओळखीची नावं टाकली. बडबड चालू असेल तरच वापरायची, एरवी नाही. नाव ऐकलं की चेहरा आठवतो, चेहरा आठवला की कपडा आठवतो. "सत्तेचाळीस. जाकीट टाकून सात महिने गायब." बस्स! मान वळवली की दिसतंय, तपकिरी जाकीट आलं की नाही.

आता मला सांगा, एकट्याने वाचायच्या यादीत माणूस "सन्माननीय" लिहितो का?

---

आता बाबा.

माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. सव्वीस वर्षं. शहरातल्या कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टचा आवाज ऐकतात, मग ज्यांच्याकडे गेलोय त्यांना नमस्कार. त्यांच्या मते काम म्हणजे ज्याने हात काळे होतात ते. की-बोर्डने बोटं सुद्धा मळत नाहीत, तर ते काम कसलं?

त्यांच्या कंपनीत दोन वर्षांचं प्रशिक्षण असतं. सोमवारपासून नवी बॅच. त्यांनी साहेबांना सांगून माझ्यासाठी जागा अडवून ठेवलेली. फॉर्म भरून खिशात घेऊन फिरत होते. माझी सही तेवढी बाकी. ऑफिस शनिवारी एक वाजता बंद.

मी म्हटलं, "बाबा, शनिवारी मामाकडे मशीन सुरू करतोय. एकदा येऊन बघा. चाललं तर फॉर्म राहू दे."

"नाही."

"निदान बघा तरी."

"नाही म्हटलं ना."

मग ते स्वयंपाकघरात गेले. आत आईशी काहीतरी कुजबुज झाली. बाहेर आले.

"दहा वाजता येतो. चाललं तर बघू. एक हँगर जरी चुकला तर तिथल्या तिथे सही करायची. पेन मी आणतो."

मी हो म्हटलं. का नाही म्हणणार? तीन आठवडे रेल बिनचूक चालत होती. रोज सकाळी शंभर-शंभर वेळा चालवून बघितलेली. एकदाही चुकली नव्हती.

शनिवारी सकाळी नऊला दुकानात गेलो, पहिली ओळ उघडली आणि बडबड शून्य केली. गिऱ्हाइकांसमोर ती नावं बोलली तर काय होईल हे न कळण्याइतका मी येडा नाही.

पण त्यानंतर एकदाही चालवून बघितलं नाही. गप्प तर केलंय फक्त, त्यात बघायचं काय? इतका येडा मात्र मी आहे.

---

दहाला बाबा आले. हातात फॉर्मची प्लास्टिकची पिशवी, खिशाला पेन. मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि वर मोटरकडे बघून म्हणाले, "बेअरिंग कोरडं आहे."

"काय भाऊजी, आल्या आल्या?" मामा म्हणाला. "चहा तरी घ्या."

"मशीन बघायला आलोय."

मामीने पहिला नंबर दाबला. समोर वकीलसाहेब होते, काळ्या कोटासाठी आलेले. रेल फिरली. सुंदर फिरली. थांबली. एक क्षण काहीतरी थरथरली, एक घर मागे सरकली, दांडा पुढे आला आणि वकीलसाहेबांच्या पुढ्यात फुलाफुलांचा गाऊन.

वकीलसाहेबांनी गाऊनची कॉलर तपासली. का, ते त्यांनाच ठाऊक.

"पहिलं पहिलं आहे," मामी म्हणाली. "होतं असं. हात बसायचाय त्याचा."

दुसरा नंबर. बँकेतल्या ताईंचा राखाडी सूट. आला शाळेच्या नाटकातला अस्वलाचा पोशाख. डोक्यासकट.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या. शांतपणे, पण लांब सरकून.

बाबांनी घड्याळ बघितलं.

मी काउंटरमागे घुसलो. स्क्रीनवर काही दिसत नव्हतं, कारण दिसायचं ते सगळं मीच बंद केलेलं. मग डोक्यात आलं, बडबड चालू केल्याशिवाय कळणार कसं कुठे चुकतंय? आवाज अगदी कमी करतो, कान लावून ऐकतो, आणि परत बंद. शून्याचा एक केला. स्पीकरची कळ फिरवली. ती कळ तीन आठवड्यांपूर्वी तुटलीय हे मी विसरलो होतो.

मामीने पुन्हा वकीलसाहेबांचा नंबर दाबला. रेल फिरली, थांबली.

"अकरा!" ताई अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "स्वतःच्या घरच्या भांडणात हरणारे वकील!"

दांडा पुढे आला. कोट आला. त्यांचाच.

वकीलसाहेबांनी कोटाकडे बघितलं, मग स्पीकरकडे, मग माझ्याकडे.

"हे... कोणी सांगितलं?"

"टेस्टिंगचं आहे साहेब. मशीनचं."

"मशीनला कोणी सांगितलं?"

त्यांच्या मिसेसनीच मामीला सांगितलेलं, मी इस्त्रीच्या टेबलाखाली वायर जोडत असताना. पण हे काही सांगण्यासारखं नव्हतं.

मी घाईघाईने परत शून्य केलं. पुढचा नंबर. चुकला. एक केला. बरोबर. शून्य. चूक. म्हणजे बघा हं. गप्प असली की चुकते, बोलायला लागली की बरोबर येते. मी चुका शोधायला जे घातलं होतं तेच घातल्यावर चुका गायब. मला रडू की हसू कळेना. बोलण्याच्या ओळी नुसत्या बोलतात! त्या रेलला हातसुद्धा लावत नाहीत! मी चारदा वाचून बघितल्या.

तोवर रांग दारापर्यंत गेली. मामाच्या कपाळावर घाम.

"अरे, ते जे आत्ता चाललं होतं तसंच ठेव ना!"

"मामा, ती बोलते मग."

"बोलू दे!"

"अरे पण काय बोलते ते—"

"कपडा बरोबर येतोय ना? मग बोलू दे! गाऊ दे! लोक खोळंबलेत!"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी पेन खिशातून काढून हातात घेतलं होतं.

बडबड = १.

---

पुढची वीस मिनिटं मी काउंटरखाली बसून काढली. स्क्रूड्रायव्हर शोधतोय असं दाखवत. तो माझ्या हातातच होता.

"तेवीस! घासाघीस करून वर हँगर मागणारी बँक!"

बँकेतल्या ताई. सूट बरोबर आला. हँगर त्यांनी तिथेच ठेवला आणि गेल्या.

"सत्तेचाळीस! जाकीट टाकून सात महिने गायब!"

"मी गावाला गेलो होतो!" रांगेतून एक माणूस ओरडला. "आजारी होती आमची बहीण!" मग जरा थांबून, "तीन महिने." मग जाकीट घेऊन मान खाली घालून गेला.

"एकोणसाठ! एका स्कर्टला शंभर सूचना!"

या शाळेतल्या बाई. त्यांनी सूचनांचा आजचा कागद उघडून हातात धरलाच होता. त्यांनी तो चार घड्या करून पर्समध्ये ठेवला, मामीला म्हणाल्या, "मी तुमच्याकडे नऊ वर्षं येतेय," आणि स्कर्ट न घेताच निघून गेल्या. दार इतक्या हळू लावलं की आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेव्हा पहिल्यांदा मला खरंच लाज वाटली. तोवर फक्त भीती होती.

"अठ्ठ्याऐंशी! भोंगा!"

बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो तो. जाड, हसरा. त्याचा सदरा कालच संध्याकाळी आलेला, नाव तेव्हाच घाईत टाकलेलं, चालवून न बघता. पण त्याच्यापुढे लाल सदऱ्याऐवजी कुणाचा तरी पडदा आला.

"भोंगा मी का?" तो खूश होऊन म्हणाला. "मीच ना? पण सदरा?"

मामीने पडदा परत अडकवून पुन्हा दाबलं. "अठ्ठ्याऐंशी! भोंगा!" पुन्हा पडदा.

बोलूनसुद्धा चुकलं. माझा उरलासुरला आधार गेला. मी काउंटरखालून बाहेर आलो, कारण आता लपण्यात अर्थ नव्हता. बाबा पुढे येत होते. पेन हातात. मला वाटलं, आता सही.

ते मामीला म्हणाले, "माझा कोट टाकला होता ना मी? त्र्याण्णव. तो काढ."

मी शिडीकडे धावलो.

"बाबा, तुमचा मी हाताने काढून देतो. शिडी आहे."

"मशीन कशाला लावलंय मग? दाब गं."

मामीने दाबलं. तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. रेल फिरली, थांबली.

"त्र्याण्णव!" ताई म्हणाली. "आधी नाही म्हणतील मग आत जाऊन आईला विचारतील मग बघू म्हणतील!"

दांडा पुढे आला. बाबांचा कोट आला. इस्त्री कडक.

बाबांनी कोट हातात घेतला.

"मी," बाबा म्हणाले, "तुझ्या आईला विचारतो?"

मामाने छताकडे बघितलं. आई मामाची सख्खी बहीण.

"विचारता हो, भाऊजी," तो हळूच म्हणाला.

"नाही," बाबा म्हणाले.

आणि अख्खी रांग फुटली. बँडवाला तर पडदा तोंडात धरून हसत होता. वकीलसाहेब, जे अजून गेलेच नव्हते, त्यांच्या डोळ्यात पाणी. त्यांना बहुतेक आज सोबत मिळाली होती.

बाबा हसले नाहीत. कान लाल झाले होते. ते माझ्याकडे बघत होते आणि मी फॉर्मच्या पिशवीकडे. मी म्हटलं, "द्या बाबा. करतो सही."

"थांब." ते वर बघत होते. "त्या बँडवाल्याचं काय नाव टाकलंयस?"

"...भोंगा."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि माझ्यासाठी अख्खी कादंबरी." त्यांनी कोट परत रेलवर अडकवला आणि रेलखाली जाऊन उभे राहिले. "पुन्हा दाब. माझाच."

"बाबा—"

"दाब म्हणतोय ना!"

ताईने अख्खी कादंबरी पुन्हा म्हटली. बाबांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ते हँगरकडे बघत होते. रेल थांबल्यावर सगळे कपडे पुढे-मागे झुलत होते, घड्याळाच्या लंबकासारखे. हळूहळू झोका कमी होत गेला. ताईचं बोलणं संपलं तेव्हा कोट स्थिर.

"नंबर कोण वाचतं?"

"तो रीडर. हँगरखालची पट्टी वाचतो. नंबर जुळला नाही तर एक घर सरकायचं."

"कधी वाचतो?"

"बोलून झालं की लगेच."

"आणि बोलायचं नसेल तर?"

मी मान वर करून रीडरकडे बघितलं.

"थांबल्या थांबल्या," बाबा म्हणाले. "झुलत असताना. शेजारचा कपडा झुलून समोर येतो, हा त्याचीच पट्टी वाचतो, म्हणतो चुकलं, सरकतो, आणि बरोबर आलेलं घालवतो. भोंग्याचं नाव संपायच्या आत झोका संपत नाही. माझं संपेपर्यंत," ते जरा थांबले, "दोन झोके संपतात. तू जितकं लांब टाकून बोललायस तितका कपडा बरोबर आलाय."

बोलण्याच्या ओळी रेलला हात लावत नव्हत्या. त्या फक्त वेळ खात होत्या. तीन आठवडे माझं मशीन माझ्या टोमण्यांवर चालत होतं.

"लिफ्ट मजल्यावर आली की दार लगेच उघडतं का?" बाबा विचारत होते. "लोकांना वाटतं मशीन मंद आहे. मंद नसतं. केबिन स्थिर व्हायची वाट बघत असतं. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात आमच्याकडे."

ते शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

मी एक ओळ घातली. थांबल्यावर दोन सेकंद काही करायचं नाही. बाबा मागे उभे राहून स्क्रीन बघत होते. पहिल्यांदाच.

"दोन कशाला? दीड पुरे."

"झोका मोजला का तुम्ही?"

"सव्वीस वर्षं मोजतोय."

दीड केलं. बडबड शून्य. मामीने अठ्ठ्याऐंशी दाबला. रेल फिरली, थांबली. दुकानातले सगळे त्या झुलणाऱ्या लाल सदऱ्याकडे मान हलवत बघत होते, इकडून तिकडे, तिकडून इकडे. सदरा शांत झाला. दांडा पुढे आला.

बँडवाल्याने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. मामाने मला मिठी मारली आणि मग लगेच, आठवल्यासारखी, एक पाठीत घातली.

पुढे एकही चुकला नाही. मी मोजत नव्हतो, बाबा मोजत होते. एक्केचाळीस. मोटर थांबली की मधूनच शिडीवर चढून बेअरिंगला तेल घालत होते आणि मला वरून विचारत होते, हा आकडा बदलला तर वेग कमी होईल का, आणि तो कुठे लिहिलाय. मी घड्याळाकडे बघितलं तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं होती. चूक झाली होती. एक नाही, चांगल्या सात-आठ. शब्द म्हणजे शब्द. मी पेन घेतलं आणि शिडीखाली जाऊन उभा राहिलो.

बाबा वरूनच फोनवर बोलत होते.

"हो साहेब. माझाच मुलगा. नाही, तो यायचा नाही. दुसऱ्या कुणाला द्या जागा." मग बराच वेळ पलीकडचं ऐकणं. "अहो बसून कशाला असेल? कामावर आहे तो. मी पण तिथेच आहे, हातात तेल आहे, नंतर बोलतो."

खाली उतरले. हात कोपरापर्यंत काळे.

"आईला विचारलं का?" मी म्हटलं. जीभ ताब्यात राहत नाही माझी.

"ती लोकं आधी," बाबा म्हणाले आणि दाराकडे बोट दाखवलं, जिकडून शाळेतल्या बाई गेल्या होत्या. "एकेकाच्या घरी जायचं. काय लिहिलं होतंस ते तोंडावर सांगायचं आणि माफी मागायची. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्याकडे पण."

"ज्यांनी ऐकलंच नाही त्यांच्याकडे कशाला?"

बाबा मामीकडे वळले. "यादी छाप."

मामीने छापली. तीन पानं. मोठ्या अक्षरात.

म्हणून हे लिहितोय. रोज संध्याकाळी चार-पाच घरं करतो. एकोणतीस झाली. शाळेतल्या बाईंनी दारातच उभं ठेवून विचारलं, "शंभर मोजल्यास का?" नाही म्हटलं. "मग सात आहेत. उगाच वाढवून लिहू नये." स्कर्ट घेतला, पण परत येईन असं म्हटल्या नाहीत. जाकीटवाल्याने चहा दिला. बँडवाला म्हणाला, भोंगा राहू दे, फक्त जरा लांब कर. बँकेतल्या ताईंनी दार उघडलं नाही, दोनदा गेलो, उद्या पुन्हा जाईन.

आज दाताचे डॉक्टर. त्यांचा त्या दिवशी नंबर लागला नव्हता, त्यामुळे त्यांना काहीच ठाऊक नाही, फक्त मी सगळ्यांकडे जातोय एवढं त्यांच्या कानावर गेलंय. सकाळीच त्यांनी निरोप पाठवलाय. म्हणाले, घरी नको, दवाखान्यात ये. खुर्चीत बस, तोंड उघड, आणि मग सांग.